आधी लाकूड धरायला शिका: घरच्या सुतारकामासाठी चार साधनं

माझ्या डायनिंग टेबलाच्या उजव्या कडेला दोन सुताची एक खाच आहे. (सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ सूत, म्हणजे ही पाव इंच झाली.) चौरंगाचा पाय कापताना मी डाव्या हाताने लाकूड दाबून धरलं होतं. ते सरकलं, करवत उडाली आणि टेबलात जाऊन बसली. अंगठा थोडक्यात वाचला. पाहुणे आले की ती खाच अजूनही दाखवली जाते, आणि दाखवणारा मी नसतो.

तेव्हा मला वाटलं, करवतच बोथट आहे. नवी आणली. मग वाटलं, हाताला सवय नाही. डोक्यात प्रकाश पडला तो सोसायटीत कपाटाच्या कामाला आलेल्या एका सुतारकाकांमुळे. माझा खटाटोप त्यांनी दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही लाकूड कापत नाही, लाकडाच्या मागं पळताय." मग जमिनीवर उकिडवे बसले, तुकडा डाव्या पायाखाली दाबला आणि आठ-दहा हातांत सरळ कापून दिला. पाय हाच त्यांचा शिकंजा होता. आपण टेबल-खुर्चीत वाढलेली माणसं, तसं तासभर बसायला गेलो तर आधी गुडघे बोलतात. उभ्याने काम करायचं तर पायाचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागतं.

म्हणून नवीन माणसाला माझं सांगणं एवढंच असतं की स्टूल, चौरंग, पुस्तकांचं कपाट महिनाभर बाजूला ठेवा. पहिले तीन-चार रविवार लाकूड धरून ठेवणारी साधनं बनवण्यात घालवा. ती साधी असतात, वेडीवाकडी झाली तरी चालतात, आणि ती बनवताना मापणं, कापणं, चिकटवणं यांचा सराव फुकटात होतो.

सामान काय लागेल

१८ मिमी प्लायचा २ फूट × ३ फूट तुकडा, १२ मिमी प्लायचा २ फूट × १ फूट तुकडा, आणि साधारण ४ सेंमी रुंद, २ सेंमी जाड अशी कठीण लाकडाची ६ फूट पट्टी. पूर्ण ८ × ४ ची शीट घेऊ नका. जवळपास कुठे इंटिरिअरचं काम चालू असेल तर असे तुकडे तिथे पडलेले असतात, फक्त विचारायला लाजायचं नाही. पट्टीसाठी वखारीत सागवानाचे कातरण-तुकडे मिळतात. जुन्या चौकटीचं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण ते वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. मात्र आधी त्यावरून एक लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) पात्याची धार घालवायला पुरतो.

ओलं लाकूड घेऊ नका. माझ्या पहिल्या आडपट्टीसाठी (लाकूड टेकवायच्या आडव्या पट्टीसाठी) मी पॅकिंगच्या खोक्याची फळी वापरली होती. जुलैत ती अगदी काटकोनात होती, दिवाळीपर्यंत आखडून वाकडी झाली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आखडतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते स्थिर राहतं, म्हणून साधनांच्या बैठका, म्हणजे खालच्या फळ्या, प्लायच्या करायच्या.

१८ मिमीच्या तुकड्यातून ६० × ३० सेंमीचे तीन भाग निघतात आणि करवतीच्या चिरेला जागाही उरते. प्लायच्या दुकानात कटिंग मशीन असेल तर हे मोठे काप तिथेच मारून घ्या, त्यात कमीपणा नाही. कंपनीतून आलेली मूळ कड कोणती ते मात्र तिथेच पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण ती कड सरळ असते आणि पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हत्यारं म्हणाल तर बारीक दात्यांची एक करवत, एक रंधा (चार किंवा पाच नंबरचा लोखंडी), गुण्या (काटकोन तपासायचं साधन), ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, दोन जी-क्लॅम्प आणि फेविकॉल. बस.

आधी गुण्याची परीक्षा

नवा गुण्या बरोबरच असेल असं समजू नका. प्लायच्या त्या सरळ कडेला गुण्याचा दांडा टेकवा आणि टोकदार पेन्सिलने रेघ मारा. आता गुण्या उलटा करा, म्हणजे पातं डावीकडे होतं ते उजवीकडे येईल, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानात उभं राहून ही परीक्षा करता येते. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

बेंच हुक

एका फळीला वर एक आडपट्टी आणि खाली एक आडपट्टी, एवढंच हे प्रकरण. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते. वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं. करवत पुढे ढकलली की तो जोर लाकूड वरच्या पट्टीवर दाबतो आणि खालची पट्टी टेबलावर आवळली जाते. म्हणजे ज्या जोरामुळे लाकूड आधी पळत होतं, तोच आता त्याला जागेवर धरून ठेवतो.

६० × ३० च्या एका भागातून ३० × २० सेंमीचे दोन तुकडे कापा. दोन हुक एकदम करायचे, कारण लांब पट्टी कापताना दुसरा हुक तिच्या दुसऱ्या टोकाखाली आधाराला लागतो. उरलेला तुकडा जपून ठेवा.

कठीण लाकडाच्या पट्टीतून प्रत्येक हुकासाठी एक २० सेंमीचा आणि एक १८ सेंमीचा तुकडा काढा. २० चा खाली, १८ चा वर. वरची पट्टी २ सेंमी आखूड ठेवायची, उजव्या हाताने कापणाऱ्यांनी उजवीकडे आणि डावखुऱ्यांनी डावीकडे. करवत त्या मोकळ्या जागेतून खाली उतरते आणि शेवटचा हात टेबलाऐवजी प्लायमध्ये जातो. वर सांगितलेली खाच टाळण्याचा हाच उपाय.

आता चिकटवणं. खालची पट्टी तुमच्याकडच्या कडेला, खालच्या बाजूने. वरची पट्टी पलीकडच्या कडेला, वरच्या बाजूने. हे वाचायला सोपं आहे, पण मी रात्री साडेअकरा वाजता दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला चिकटवल्या आणि सकाळी माझ्या हातात एक सुंदर ट्रे होता. तेव्हा फेविकॉल लावण्याआधी एकदा सगळं कोरडं मांडून, टेबलाला अडकवून बघा.

वरच्या पट्टीची आतली कड फळीच्या लांब कडेशी काटकोनात हवी. गुण्याने रेघ मारा, पट्टीला पातळ फेविकॉल लावा आणि ठेवण्याआधी त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा. ओल्या गोंदावर पट्टी साबणासारखी सरकते. मिठाचे कण लाकडात रुततात आणि सरकणं थांबतं. मग रेघेला लावून क्लॅम्प आवळा. क्लॅम्प कमी पडले तर पाण्याचा भरलेला जार ठेवा, वीस किलोंचा दाब पुष्कळ झाला. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्यांना खालून दोन-दोन स्क्रू मारा. ८ नंबरचा सव्वा इंची पुरतो. आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर सागवानाची पट्टी टोकाशी चिरफळते. वरच्या पट्टीतला उजवा स्क्रू कडेपासून चांगला ३ सेंमी आत घ्या. करवतीच्या वाटेत लोखंड नको.

कापताना लाकूड डाव्या तळहाताने आडपट्टीवर दाबा. पहिले दोन-तीन हात करवत मागे ओढून हलकी चीर पाडा आणि मगच पुढे ढकला. करवतीवर जोर देऊ नका, तिच्या वजनाने ती जाते. एक सावधगिरी. हल्ली जपानी धाटणीच्या ओढून कापणाऱ्या करवती सर्रास मिळतात. तुमची तशी असेल तर जोर तुमच्याकडे येतो आणि हुक टेबलावरून सुटून येतो. अशा वेळी हुक क्लॅम्पने टेबलाला बांधा आणि लाकूड आडपट्टीच्या पलीकडच्या अंगाला लावा. त्यासाठी वरची पट्टी चिकटवतानाच फळीच्या पलीकडच्या कडेपासून थोडी अलीकडे घ्यावी लागते.

रंधाफळी आणि पाचरांची जोडी

रंधा मारताना लाकूड जागेवर धरून ठेवणारी ही फळी. यावर फार वेळ घालवायला नको. ६० × ३० चा दुसरा भाग घ्या, आखूड बाजू तुमच्याकडे करा आणि खाली हुकासारखीच ३० सेंमीची पट्टी लावा. आता १२ मिमीच्या प्लायमधून २२ सेंमी रुंदीचा तुकडा शूटिंग बोर्डासाठी (पुढचं साधन, त्यावर लाकडाचं टोक काटकोनात साफ करतात) बाजूला काढा. उरलेल्या भागातून ६० सेंमी लांब आणि जेमतेम ४ सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या निघतात. पहिलीचे दोन तुकडे करा, एक पलीकडच्या टोकाला आडवा आणि एक डाव्या कडेला उभा. दुसरीचा अर्धा भाग उजव्या कडेला उभा लावा. उरलेल्या अर्ध्यातून १५ सेंमीचा तुकडा कापून त्याच्या पाचरा करा.

पाचरेसाठी तुकड्यावर एका टोकाला कडेपासून १ सेंमीवर खूण करा, दुसऱ्या टोकाला त्याच कडेपासून पावणेतीन सेंमीवर, आणि दोन्ही खुणा जोडून कापा. दोन सारख्या पाचरा मिळतात. त्या एकमेकींना उलट्या लावल्या की बाहेरच्या दोन्ही कडा समांतर राहतात आणि एकीला टिचकी मारली की जोडी रुंद होत जाते.

रंधायची फळी पलीकडच्या पट्टीला आणि डाव्या पट्टीला टेकवा, उजवीकडे पाचरांची जोडी सारा, फट जास्त असेल तर मध्ये टाकाऊ तुकडे भरा आणि पाचर ठोका. हलकेच. जोरात ठोकली तर फळी कमानीसारखी वर उचलली जाते. पट्ट्या १२ मिमीच्या आहेत, तेव्हा फळी त्याहून जाड हवी, नाहीतर रंधा पट्टीवर आपटेल. डायनिंग टेबल हलकं असेल तर ते भिंतीला टेकवून घ्या. नाहीतर रंध्याबरोबर टेबलही बेडरूमकडे निघतं.

शूटिंग बोर्ड

कापलेलं टोक हुकावर कितीही जपून कापलं तरी थोडं इकडेतिकडे जातंच. चौकटी किंवा पेट्या करायच्या तर ते टोक नेमक्या काटकोनात यायला हवं. शूटिंग बोर्डवर रंधा आडवा पाडून, कुशीवर सरकवत टोक साफ करतात. पेन्सिलच्या रेघेचा अर्धा भाग काढायचा असला तरी काढता येतो. माझ्या मते नवशिक्याच्या कामात सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच, म्हणून इथे घाई करू नका.

६० × ३० चा तिसरा भाग ही बैठक. त्यावर १२ मिमीचा ६० × २२ चा तुकडा डाव्या कडेला जुळवून चिकटवा. उजवीकडे ८ सेंमीची मोकळी पट्टी राहील, तो रंध्याचा रस्ता. वरच्या तुकड्याची कंपनीची सरळ कड याच रस्त्याकडे यायला हवी, कारण रंधा तिलाच घासून चालणार आहे. चिकटवण्याआधी त्या कडेचा खालचा कोपरा रंध्याच्या दोन-तीन हातांनी थोडा मारून घ्या. म्हणजे तिथे बारीक नाली तयार होते आणि भुसा तीत जातो. भुसा रस्त्यात अडकला की रंधा कडेपासून दूर राहतो आणि काटकोन बिघडतो. मी हे न करता बोर्ड बनवला होता आणि दर चार हातांनी फुंकर मारत बसायचो.

बैठकीच्या खाली तुमच्याकडच्या कडेला ३० सेंमीची पट्टी लावा, हुकासारखीच.

आता आडपट्टी. २२ सेंमीचा कठीण लाकडाचा तुकडा पलीकडच्या टोकापासून १० सेंमी अलीकडे, आडवा ठेवा. अगदी टोकाला लावू नका. लाकूड कापून झाल्यावरही रंध्याच्या नाकाला टेकायला पुढे कड हवी. पट्टीचं उजवं टोक रस्त्याच्या बाजूला अगदी किंचित, कार्डाच्या जाडीएवढं, बाहेर काढा. रंधा पहिल्यांदा फिरेल तेव्हा ते आपोआप कडेबरोबर छाटलं जाईल आणि पट्टी पात्याला अगदी लागून राहील. कामातल्या तुकड्याची मागची कड चिरफळू नये म्हणून मागे हा आधार लागतो.

आडपट्टीला फेविकॉल लावायचा नाही. पुन्हा सांगतो, लावायचा नाही. रस्त्याजवळच्या टोकाला वरून दीड इंची एक स्क्रू घट्ट मारा. डाव्या टोकाचं भोक मुद्दाम मोठं पाडा आणि वॉशर घालून स्क्रू अर्धवट आवळा. म्हणजे पट्टी उजव्या स्क्रूभोवती केसभर फिरवता येते. गुण्या लावून काटकोन जुळवा, स्क्रू आवळा आणि चाचणी घ्या.

चाचणी अशी. साधारण १० सेंमी रुंद फळीचे दोन तुकडे घ्या आणि दोन्हींची टोकं बोर्डवर साफ करा. मग टेबलावर एक सरळ पट्टी ठेवून दोन्ही तुकड्यांच्या आडपट्टीला टेकलेल्या कडा तिला लावा. एक तुकडा सुलटा, दुसरा पालथा. साफ केलेली टोकं एकमेकांना भिडवा आणि खिडकीच्या उजेडात धरून बघा. फटीतून उजेड दिसला तर चूक आहे, आणि ती इथे दुप्पट होऊन दिसते, म्हणून ही परीक्षा गुण्यापेक्षा कडक. डावा स्क्रू सैल करा, पट्टी हलवा, पुन्हा बघा. मला पाच फेऱ्या लागल्या. उजेड बंद झाला की मधोमध तिसरा स्क्रू मारून पट्टी पक्की करा. पुढे कधी पावसाळ्यात बिनसली तर तिसरा स्क्रू काढून नव्याने जुळवता येते.

रंधा पहिल्यांदा चालवताना एक गोष्ट बघून पुष्कळ जण दचकतात. पातं प्लायची कडच कापायला लागतं. घाबरू नका. रंध्याचं पातं त्याच्या कुशीपर्यंत पोचत नाही, खाली काही मिलीमीटर कोरी जागा असते. पातं कडेचा वरचा भाग आपल्या बाहेर आलेल्या टोकाएवढा कापतं, खालची कोरी पट्टी रंध्याला अडवते आणि कापणं आपोआप थांबतं. ती पायरी तशीच राहू द्या. पण रंध्याची कूस आणि तळ एकमेकांना काटकोनात आहेत ना, हे गुण्याने आधी तपासा.

काम करताना लाकूड आडपट्टीला घट्ट दाबा, एका वेळी अगदी पातळ काप घ्या आणि रंधा रस्त्यावर दाबून पुढे न्या. टोकाच्या बाजूला लाकडाचे तंतू उभे असतात. पातं धारदार नसेल तर ते कापले जात नाहीत, चुरडले जातात, आणि भुसा पिठासारखा येतो. धार चांगली असली की टोकाकडूनही सलग छिलका निघतो.

धारेचा थांबा

तेव्हा धारेकडे वळू. हुकातून उरलेला तो तुकडा काढा. पातं बाजूंनी आवळणारं, एका चाकाचं धार लावायचं साधन बाजारात स्वस्तात मिळतं. त्यात पातं किती पुढे काढलं यावर धारेचा कोन ठरतो: रंध्याचं पातं ५० मिमी काढलं तर २५ अंश, ३८ मिमी काढलं तर ३० अंश. पटाशीला (लाकूड कोरायच्या छिन्नीला) हेच आकडे ४० आणि ३० मिमी. दर वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा तुकड्याच्या कडेपासून या चार अंतरांवर चार छोटे ठोकळे चिकटवा. साधन कडेला टेकवायचं, पातं ठोकळ्याला भिडवायचं, स्क्रू आवळायचा. प्रत्येक ठोकळ्याशेजारी आकडा लिहा, कारण सहा महिन्यांनी आठवत नाही.

दगड विकत घ्यायची घाई नको. काचवाल्याकडून ८ मिमी जाड काचेचा एक तुकडा कडा घासून घ्या. काच ओली करून त्यावर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा, पाण्यानेच चिकटतो. ४००, ८००, १५००, २००० नंबर या क्रमाने जा. मग जुन्या चामड्याच्या पट्ट्याचा तुकडा लाकडावर चिकटवून त्यावर शेवटचे दहा-बारा हात मारा, फक्त मागे ओढत. धार मनगटावरचे केस काढते का, असं सगळे बघतात. मी टोमॅटो कापून बघायचो, पण ते स्वयंपाकघरात आवडलं नाही.

पावसाळ्यात काम झालं की लोखंडी भागांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, नाहीतर मुंबई-कोकणच्या हवेत दोन रात्रींत तांबेरा धरतो. शूटिंग बोर्डच्या रस्त्याला मेणबत्ती घासा, रंधा लोण्यावरून गेल्यासारखा जातो. तेल मात्र तिथे लावू नका, ते लाकडात मुरतं आणि नंतर पॉलिश धरत नाही. भुशाचं म्हणाल तर मास्क लावा आणि बाल्कनीत काम करणार असाल तर आधी खालच्या मजल्याची वाळत घातलेली चादर बघा.

प्रत्येक साधनाला वरच्या कोपऱ्यात अंगठा जाईल एवढं भोक पाडून खिळ्याला टांगून ठेवा. भिंतीला टेकवून उभं ठेवलेलं प्लाय वाकतं. हुकाची वरची पट्टी वर्षभरात करवतीने खाऊन टाकलेली असेल, ते तिचं कामच आहे. फेविकॉल लावलेला असल्याने ती पटाशीने तासून काढावी लागते, अर्ध्या तासाचं काम. माझ्या हुकावर सध्या तिसरी पट्टी आहे, आणि तिचं सागवान त्या चौरंगाच्या चुकीच्या कापलेल्या पायाचं आहे.